ऐकू येत असूनही न ऐकणं

२८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक अवघे २१. सुरुवातीला बोर्डावर पोरं बसवत. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत, म्हणून त्याच वर्षी बॉस्टनला एमा नट ही पहिली स्त्री-ऑपरेटर आली.

काम काय असे? झडप पडली की वायरचा प्लग त्या भोकात खोचायचा, कोण हवंय ते विचारायचं, दुसरा प्लग जोडून घंटी द्यायची. आणि बोलणं सुरू झालं की कळ फिरवून आपला कान काढून घ्यायचा. ही शेवटची कृती आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. ऐकणं हातात असताना न ऐकणं, ही नीतीच झाली.

आल्मन स्ट्राउजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाला तो भरवसा नव्हता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता म्हणतात. १८९१ मध्ये त्यानं स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळवलं. आपल्याकडे १९६० मध्ये लखनौ-कानपूर थेट डायलिंग आलं. हळूहळू ट्रंक कॉलचा ऑपरेटरही मागे पडला.

मधला माणूस गेला, म्हणून भरवशाचा प्रश्न सुटला का? आम्हाला वाटतं, नाही. पूर्वी मध्ये कोण बसलंय हे ठाऊक तरी होतं. त्याला जाब विचारता येत असे. आता तो कुणाला विचारायचा?