वेडाचे कारण कोणी लिहिले?

१/ चरस, गांजा आणि भांग ही एकाच झाडाची तीन रूपे: राळ, फुलोरे आणि पाने. चरस तेव्हा मुख्यतः यारकंदहून लडाखमार्गे पंजाबात येई. १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन यांनी या पदार्थांविषयी प्रश्न उपस्थित केला आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने चौकशी आयोग नेमला.

२/ आयोगाचे अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग, साक्षीदार १,१९३. मुख्य आरोप असा, की या नशेने माणसे वेडी होतात. पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांकडे बोट दाखवले जाई.

३/ आयोगाने त्या नोंदींचाच माग काढला. ‘वेडाचे कारण’ हा रकाना अनेकदा वैद्यकीय निदानावरून नव्हे, तर रुग्णासोबत आलेल्या पोलिसी कागदांवरून भरलेला होता.

४/ १८९२ मधील अशी २२२ प्रकरणे पुन्हा तपासली गेली. नशेशी संबंध टिकला तो केवळ ९८ प्रकरणांत.

५/ अतिसेवन हानिकारक मानूनही १८९४ च्या अहवालाने सरसकट बंदी नाकारली. कर आणि परवाने सुचवले. चरस-गांजावर देशव्यापी बंदी आली ती १९८५ च्या कायद्याने.

६/ बंदी योग्य की अयोग्य, हा वाद चालूच राहील. मात्र त्यात आकडा मांडण्यापूर्वी विचारावे: हा रकाना भरला कोणी?