भिंतीवरचें चित्र आणि त्याचा सूत्रधार



दिवे मालवून घरांतल्या भिंतीवर चित्र पाडण्याची हौस आज सातारा-सांगलीकडेहि रुजली आहे. पण प्रोजेक्टर घरीं आणला, कीं पहिला प्रश्न उभा राहतो तो जोडणीचा: संगणक आणि जुनें व्हिडिओयंत्र त्याला जोडावें कसें? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं.

इ. स. १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्या खेळांत सूत्रधार पद्यें गाऊन कथा सांगे आणि पात्रें तदनुरूप अभिनय करीत. दृश्य आणि वाणी यांची सांगड घालणारा तोच. १८९२ मध्यें कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर दाखविलीं. त्या ‘शांबरिक खरोलिके’लाहि निवेदन व गायन बाहेरूनच पुरवावें लागे. मूकपटाची गत तीच. १९३२ मध्यें कोल्हापुरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हां मराठी चित्रपट स्वतःच्या तोंडानें बोलूं लागला. पुढें सातारकडच्या जत्रांतून तंबूंतल्या सिनेमानें ते बोल खेडोपाडीं नेले.

तारांच्या युगांत ही फारकत पुन्हां प्रकटली. व्हिडिओयंत्राची पिवळी तार चित्र नेते, तांबडी व पांढरी ध्वनि. संगणकाची १९८७ सालची पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी तर केवळ चित्रच नेते. म्हणून ध्वनीची निराळी तार न जोडल्यास भिंतीवर माणसें ओठ हलवितात आणि खोली मुकी राहते. २००२ मध्यें निश्चित झालेल्या एचडीएमआय जोडणीनें दोन्ही एका तारेंत आणलीं.

परंतु तिची भाषा अंकांची, जुन्या व्हिडिओयंत्राची लहरींची. पुष्कळ नव्या प्रोजेक्टरांना पिवळी खांच उरलेली नाहीं. तेथें नुसती पिन बदलून भागत नाहीं; लहरींचें अंकांत रूपांतर करणारी लहानशी पेटी मध्यें बसवावी लागते. चित्राची रुंदी व उंची चारास तीन या प्रमाणांत ठेवावी, नाहींतर आजीचा चेहरा उगीच रुंदावतो.

हा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. २००५ मध्यें आणि पुन्हां ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगलीच्या घरांत शिरलें. भिजलेली वही वाळवून वाचतां येते. चिखल शिरलेली कॅसेट तशीच यंत्रांत घातली, तर फीत आणि यंत्र दोन्ही बिघडतात. कोरड्या कपाटांतली फीतहि वयानें क्षीण होतेच. तीं चालविणारीं यंत्रेंहि दुर्मिळ होत आहेत. जपानच्या फुनाई कंपनीनें २०१६ मध्यें त्यांचें उत्पादन थांबविलें. आणि त्या फितींवर घरच्या लग्नांतल्या मंगलाष्टका आहेत, गेलेल्या वडिलांचा आवाज आहे.

म्हणून जोडणी एकदां जमली, कीं तेवढ्यावर थांबूं नये. तेंच चित्र, त्याच्या ध्वनीसह, संगणकांत उतरवून त्याच्या दोन प्रती दोन निराळ्या घरीं ठेवाव्या. सांगलीच्या सूत्रधाराचें काम आतां घरांतल्याच कोणीतरी अंगावर घ्यावयाचें आहे. आणि तें यंत्र चालूं आहे तोंवरच.