हलत्या सुईत दोरा : हवेत इंधन भरण्याची कथा

विमान किती वेळ उडेल हे त्याच्या टाकीवर ठरते. पण टाकी मोठी केली की वजन वाढते आणि एवढे वजन घेऊन जमीन सोडणेच अवघड होते. मग उडाल्यानंतरच इंधन दिले तर? २७ जून १९२३ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ दोन डीएच-४बी विमानांनी हे करून दाखवले. वरच्या विमानातून नळी खाली सोडली आणि खालच्या विमानातील माणसाने ती हाताने पकडून टाकीला जोडली! १९४९ साली 'लकी लेडी-२' हे विमान वाटेत चार वेळा इंधन घेऊन, कोठेही न उतरता, सुमारे ९४ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

पुढे वेग वाढले आणि दोन नव्या पद्धती रूढ झाल्या. ब्रिटनमध्ये ॲलन कोभम यांच्या कंपनीने नळीच्या टोकाला नरसाळ्यासारखी टोपली लावली. मागच्या वैमानिकाने आपल्या विमानाची पुढे आलेली नळकांडी तिच्यात घालायची. अमेरिकेत बोइंगने ताठ दांडा वापरला. त्याला छोटे पंख असतात. टँकरमधील चालक दांडा वळवतो, मागच्या विमानाने फक्त आपली जागा धरून ठेवायची.

ही जागा धरणेच कठीण. टँकरच्या पंखांनी खाली ढकललेली हवा मागच्या विमानाला खाली दाबते. मागच्या विमानाच्या नाकापुढची हवा टोपलीला बाजूला सारते. शिवाय इंधन येऊ लागले की विमान जड होते आणि त्याचा गुरुत्वमध्यही सरकू शकतो. म्हणजे एक गोष्ट सांभाळावी तर दुसरी बदलते.

यात माणसाची प्रतिक्रिया थोडी उशिरा येते. टोपली डावीकडे गेलेली पाहून वैमानिक वळेपर्यंत ती उजवीकडे येते. चूक कमी होण्याऐवजी झोके वाढत जातात. न्हाणीघरात गरम-गार पाण्याचे नळ पुनःपुन्हा फिरवताना आपलेही असेच होते. म्हणून वैमानिकांना शिकवतात, की टोपलीचा पाठलाग करू नका, टँकरवरच्या खुणांकडे पाहून स्थिर राहा.

येथे चुकीची किंमत मोठी असते. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेसजवळ इंधन घ्यायला आलेले बी-५२ विमान टँकरला धडकले. अकरा जणांपैकी सात दगावले आणि बी-५२ मधील चार हायड्रोजन बाँब खाली पडले. अणुस्फोट झाला नाही, पण दोन बाँबमधील प्लुटोनियम शेतांत पसरले.

अशा हालचालींचा अभ्यास आधी कागदावर आणि संगणकावर करता येतो. लवचिक नळी म्हणजे एकमेकांना जोडलेल्या लहान लहान दांड्यांची साखळी, असे मानतात. प्रत्येक दांडीवरचे वजन, ताण आणि हवेचा रोध मांडून न्यूटनचे नियम लावले, की टोपली कशी डोलेल याचा अंदाज मिळतो. त्यावरून विमानाची सुकाणू किती व केव्हा वळवावी हे ठरवता येते.

३० ऑगस्ट २००६ रोजी नासाच्या एफ-१८ विमानाने उपग्रहांवरून मिळणारी स्थिती आणि कॅमेरा यांच्या मदतीने टोपली आपोआप गाठली. वैमानिक आत होता, पण केवळ देखरेखीसाठी. २०१५ मध्ये तर वैमानिक नसलेल्या एक्स-४७बी विमानाने हवेत इंधन घेतले.

न्यूटनचे नियम शिकवताना गाडी आणि चेंडू यांच्या जोडीला हे उदाहरणही घ्यावे, असे आम्हाला वाटते. बल ओळखणे ही पहिली पायरी. ते वेळेवर आणि बेताने वापरणे हे नियंत्रण.