आच्छादन : धुळीचे आणि काडाचे

उन्हाळ्यात वाफ्यावर पालापाचोळा पसरला की ओल टिकते, हे आपण मुलांना सहज सांगतो. पण शतकापूर्वी अमेरिकेच्या कोरड्या मैदानांत आच्छादन म्हणून मातीचाच भुगा वापरावा, असा प्रचार जोरात होता!

हार्डी कॅम्पबेल हे त्याचे मोठे प्रचारक. त्यांची १९०७ सालची मार्गदर्शिका नेब्रास्कातील लिंकन शहरात छापली गेली. वातीतून तेल चढते तसे मातीच्या सूक्ष्म फटींतून पाणी वर येते आणि उडून जाते. म्हणून दर पावसानंतर वरची माती कुळवून भुसभुशीत करावी, म्हणजे वात तुटते, असा हा विचार. तो अगदीच चुकीचा नव्हता. सुटा थर ओल राखतो खरा. पण तोवर पाऊस किंवा वारा यायला नको! १९३०च्या दशकातील अवर्षणात उघडी, भुगा झालेली माती उडू लागली. १४ एप्रिल १९३५च्या वादळाला लोक ‘काळा रविवार’ म्हणू लागले.

१९३८पासून त्याच लिंकनमध्ये ड्यूली आणि रसेल यांनी पिकाचे काड जमिनीवरच ठेवून प्रयोग केले. उघड्या मातीवर थेंबांच्या माऱ्याने पातळ, घट्ट पापुद्रा बनतो आणि पाणी वाहून जाते. काडाखाली ते मुरत राहते. आच्छादनाचे हे अर्धे काम पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, असे आम्हाला वाटते. शाळेच्या बागेत दोन तिरके वाफे, एकावर पाचोळा आणि हातात झारी, एवढ्यावर ते मुलांना दाखवता येते.