समुद्रावरच्या वाऱ्याचा ताळा

कोकणच्या किनाऱ्याला वाऱ्याची ओळख करून द्यायला नको. खारे वारे आणि मतलई वारे सांभाळतच इथली होडी चालत आली. 1986 साली देशात पहिली पवनऊर्जा केंद्रे उभी राहिली, त्यांतही हा किनारा होता. मग भरसमुद्रातल्या वाऱ्याचे प्रारूप किती अचूक, हे तपासायला एवढा खटाटोप कशाला, असे वाचकांना वाटले तर त्यात नवल नाही.

कारण गणितात आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला 7 मीटरचा वारा प्रारूपाने 8 मीटरचा सांगितला, तर वेगातली चूक सुमारे 14 टक्क्यांची; शक्तीचा अंदाज मात्र जवळजवळ दीडपट होऊन बसतो. समुद्रतळाशी पवनचक्कीचा खांब रोवायला निघालेल्याला हा एक मीटर भारी पडतो.

जमिनीवर मनोरा उभारून वर्षभर वारा मोजता येतो. समुद्रात तेच काम अतिशय खर्चिक. म्हणून ईआरए-5 सारख्या जागतिक हवामान-प्रारूपांचा आधार घ्यावा लागतो. ईआरए-5 ची एक चौकट साधारण 31 किलोमीटरची. ती सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ठेवून पाहा: काही भागात पाणी, उरलेल्यात सडे, आमराया, टेकड्या. वारा पाण्यावरून मोकळा वाहतो, जमिनीवर अडखळतो. चौकटीच्या वाट्याला मात्र वेगाचा एकच आकडा येतो. त्यामुळे किनाऱ्यालगतचे आकडे जरा संशयानेच वाचावेत.

ताळा करायचा तर तो कशाशी, हाही प्रश्नच आहे. आपल्या समुद्रातल्या तरंगत्या बोया पाण्यापासून जेमतेम 3 मीटरवर वारा मोजतात, उपग्रह लाटांच्या खडबडीतपणावरून 10 मीटरवरचा वेग सांगतात, आणि पवनचक्कीचे पाते फिरते शंभर मीटरच्या आसपास. खालचा वेग वर नेण्याचे सूत्र हेही एक प्रारूपच, हे बरेच अहवाल सोयीस्करपणे विसरतात. म्हणूनच नोव्हेंबर 2017 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने खंबातच्या आखातात बसवलेल्या लायडारचे मोल मोठे. लेझरचा किरण हवेतल्या सूक्ष्म कणांवरून परततो आणि पात्याच्या उंचीवरचा वेग थेट हाती येतो.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी वार्षिक सरासरीवर समाधान मानू नये. समजा, एखादे प्रारूप मोसमी पावसात वारा जास्त दाखवते आणि हिवाळ्यात कमी. वर्षाअखेर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि प्रारूप निर्दोष ठरते! तुम्ही ऋतू वेगळे करा, दिवस-रात्र वेगळी करा, मगच एकूण चुकीचा आकार सांगणाऱ्या वर्गमूळ-माध्य-वर्ग त्रुटीकडे वळा. अशा अहवालांतल्या सूत्रांनी बिचकायला होत असेल, तर ती दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवलीत तरी चालेल. त्यांतले आलेख मात्र पहिल्याच वाचनात महिन्या-महिन्याला थांबून पाहावेत.