मंगळवेढ्याचे हिशेब व शाळेंतील गणित

जुन्या दप्तरांतील तारखा, नांवें व शिक्के यांची जितकी चिकित्सा होते, तितकी आंकड्यांची होत नाहीं. मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या मुलुखांतील कागदांचा तर आंकडा हाच प्राण होय. तो वाचण्याची किल्ली पूर्वीं शाळेंतच मिळत असे. परीक्षांचीं व मापांचीं मानें बदललीं तशी ती शाळेंतून कशी नाहींशी झाली, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मंगळवेढें हें कलचुरींचें जुनें ठाणें. बिज्जलाच्या उत्कर्षाच्याच काळांत, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, भास्कराचार्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ पुरा केला. त्यांतील ‘लीलावती’चा आरंभ परिभाषेनें होतो: वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म व सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे मापें आधीं, रीति मागाहून. पंतोजींच्या शाळांनीं हाच क्रम राखिला; मात्र रीतीच्या जागीं पाठांतर आणिलें. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. त्यांस जोडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी व औटकी. साडेतीन रुपये मणाच्या दरानें सात मण ज्वारीची किंमत विचारली कीं औटकी येणारा मुलगा ‘साडेचोवीस’ असें तोंडीं सांगे व ‘२४॥’ असें कागदावर मांडी.

पहिला पालट छापील ग्रंथांनीं केला. इ. स. १८२० नंतरच्या दशकांत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं हटनच्या इंग्रजी ग्रंथाच्या आधारें मराठी गणितपुस्तकें सिद्ध केलीं. दुसरा पालट परीक्षेनें केला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें स्थापन झालें व १८५९ मध्यें पहिली मॅट्रिक झाली. मंगळवेढें १९४८ पर्यंत सांगली संस्थानांत होतें. तथापि दक्षिणेकडील संस्थानी हायस्कुलांचेंही लक्ष्य हीच परीक्षा असे. तोंडी झडतीच्या जागीं लेखी उत्तर आलें आणि बीजगणित व भूमिति यांस मान मिळाला. हा लाभ लहान नव्हे. ‘असें कां?’ हा प्रश्न पंतोजींच्या शाळेंत क्वचितच विचारला जाई; भूमितीनें तो विचारावयास शिकविलें.

परंतु रुपयास आणे होते तोंवर पावकी-निमकी तग धरून राहिल्या. १९४९ मध्यें मॅट्रिकच्या जागीं एस. एस. सी. आली, तेव्हांही आणे होतेच. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५६ च्या कायद्यान्वयें किलोग्रॅम व लिटर टप्प्याटप्प्यानें आले. परिभाषाच पालटल्यावर तिच्यावर उभे असलेले पाढे क्रमिक पुस्तकांत राहण्यास कारण उरलें नाहीं. १९७५ मध्यें शालान्त परीक्षा दहावीस आली, तोंपर्यंत नव्या पिढीचें गणित दशमान पद्धतीवर स्थिर झालें होतें.

यांत शाळेचा दोष नाहीं. हानि झाली ती आमच्या क्षेत्राची. आजचा विद्यार्थी ‘२४॥’ यांतील दोन दंड विरामचिन्ह समजून ‘२४’ अशी नक्कल करील. ओळीमागें आठ आणे गळतील, बेरीज जुळणार नाहीं, आणि संपादक तिसऱ्याच निष्कर्षावर येऊन बिचाऱ्या कुळकर्ण्यावर अफरातफरीचा आळ घेईल! ज्या गांवीं दामाजीपंतांच्या धान्याचा हिशेब आजही कथेंत चुकता होतो, तेथील कागदांवर तरी असा अन्याय होऊं नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, सनदांबरोबर मुलांच्या उजळण्या, अंकलिपी व परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही जतन कराव्या. रद्दी म्हणून टाकूं नयेत. तसेंच कोणताही हिशेबी कागद छापण्यापूर्वीं त्याची बेरीज त्याच्याच काळच्या परिभाषेनें पडताळून पाहावी. पाऊण व सवा यांचे दंड ओळखूं येणें हें मोडी वाचनाचेंच एक अंग आहे.