वाटेत जेवायला कुठे थांबायचं?

‘पब लंच’ या दोन शब्दांनी मला चार दिवस अडवून ठेवलं. इंग्लंडमधल्या एका सायकल क्लबाच्या हिवाळी फेऱ्यांचं वर्णन मी मराठीत आणत होते. रविवारी सकाळी निघायचं, वीस-पंचवीस मैल गावाबाहेर जायचं, खेड्यातल्या पबात दुपारचं जेवायचं आणि दिवेलागणीच्या आत परतायचं, एवढीच ती गोष्ट. चढ, चिखल, समोरचा वारा हे सगळं सरळ मराठीत उतरलं. पबला मात्र काय म्हणायचं? ‘गुत्ता’ म्हटलं तर तिथे कुटुंबाबरोबर बसून जेवणारी माणसं दिसेनाशी होतात. ‘खानावळ’ म्हटलं की महिन्याचा हिशेब आला. धर्मशाळेत पैसे द्यायचे नसतात आणि ढाबा पडला ट्रकवाल्यांचा. सायकल आपल्याकडे आली, क्लबही आला. पण वाटेवरची ती जागा आली नाही. ती इथे आपापल्या, वेगळ्याच इतिहासातून तयार झाली.

सायकल क्लबांचा इतिहास बहुधा चाकांचा सांगतात: उंच चाकाची सायकल, मग दोन सारख्या चाकांची, मग 1888 चा डनलॉपचा हवा भरलेला टायर. मला वाटतं तो पाट्यांचा सांगायला हवा. 1878 मध्ये हॅरोगेट इथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला आणि 1883 पासून तो ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखला जाऊ लागला. रेल्वे आल्यामुळे घोडागाड्यांच्या रस्त्यांवरच्या सरायांचं गिऱ्हाईक गेलं होतं. क्लबाने अशा सरायांशी करार केले: आमच्या सदस्याला ठरलेल्या दरात जेवण आणि खोली द्या, आम्ही तुमच्या भिंतीवर आमची पाटी लावू. पाटीवर पंख असलेलं चाक. ते दिसलं की दमलेल्या माणसाने बेधडक आत शिरावं. पोर्ट्समथ रस्त्यावरच्या रिप्ली गावातलं ‘अँकर’ तर लंडनच्या सायकलवाल्यांची पंढरीच झालं होतं. 1899 मध्ये या क्लबाचे 60,000 सदस्य होते.

पण पाटी लावली म्हणून दार सगळ्यांना उघडत नव्हतं. 27 ऑक्टोबर 1898 रोजी लेडी हार्बर्टन सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकम गावच्या ‘हॉटबॉय’ हॉटेलात जेवायला थांबल्या. बाई सरदार घराण्यातल्या, वयाने प्रौढ, स्वतः क्लबाच्या सदस्य. अंगात घागऱ्याऐवजी ढगळ विजार होती, कारण लांब घागरा साखळीत अडकतो. मालकिणीने त्यांना कॉफी-रूममध्ये, म्हणजे सभ्य गिऱ्हाइकांच्या दालनात, बसू दिलं नाही. दारू पिणाऱ्या पुरुषांच्या बाजूच्या खोलीत हवं तर बसा, म्हणाली. हे हॉटेल क्लबाच्या यादीतलं होतं, म्हणून क्लबाने खटला भरला. 1899 मध्ये ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवलं. जेवण नाकारलं नव्हतं, फक्त कुठे बसायचं ते सांगितलं होतं! हा युक्तिवाद मराठी वाचकाला समजावून सांगायला तळटीप लागत नाही.

मजुरांनी वेगळी वाट काढली. 1894 मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेला क्लॅरियन सायकलिंग क्लब समाजवाद्यांचा होता. सुटीच्या दिवशी फेरी काढायची आणि जाता जाता ‘क्लॅरियन’ साप्ताहिक वाटायचं. त्यांनी गावाबाहेर स्वतःची घरं बांधली. लँकेशरमध्ये रफली इथलं 1912 चं क्लॅरियन हाउस अजून रविवारी उघडतं आणि तिथे मगभर चहा मिळतो.

आता मद्रास. मी राहते ते गिंडी इंग्रजांच्या लेखी ‘गावाबाहेर’च होतं. 1726 मध्ये कोजा पेत्रुस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने अड्यार नदीवर मार्मलाँग पूल बांधला आणि सेंट थॉमस माउंटकडे जाणं सोपं झालं. पुढे गिंडीत गव्हर्नरांचा बागबंगला आणि घोड्यांची शर्यतही आली. शहराच्या क्लबांना कुंपण होतं. 1832 च्या मद्रास क्लबात भारतीयांना सदस्यत्व नव्हतं. दोघांनी एकत्र बसावं म्हणून 1873 मध्ये कॉस्मोपॉलिटन क्लब काढावा लागला. सायकलचं हिंदी बस्तान मात्र क्लबात नाही, दुकानात बसलं. आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा सायकली विकत आणि चालवायला शिकवण्याचीही फी घेत. एका उद्योगघराण्याची ती सुरुवात.

वाटेवरची जागा इथे आधीपासून होती. तमिळमध्ये तिला ‘सत्तिरम’ म्हणतात, इंग्रजांनी तिला ‘चौल्ट्री’ म्हटलं. दोन्ही शब्द मराठी माणसाच्या घरातलेच निघाले. पहिला संस्कृत ‘सत्र’, ज्याचं आपण अन्नछत्र केलं. दुसऱ्याच्या मुळाशी दक्षिणेतला ‘चावडी’ आहे, तोच आपल्या गावातला. आणि या जागांचे सगळ्यांत मोठे बांधकामदार होते तंजावरचे मराठे राजे. रामेश्वरच्या वाटेवर त्यांनी आपल्या राण्यांच्या आणि आप्त स्त्रियांच्या नावाने छत्रं उभी केली. सर्फोजींनी बांधलेलं ओरत्तनाडचं मुक्ताम्बाळ छत्र त्यांतलंच.

1799 च्या तहाने तंजावरचं राज्य कंपनीकडे गेलं. 1801 मध्ये सर्फोजींनी इंग्रज रेसिडेंटला एक लांब पत्र लिहिलं. राज्य गेलं ते गेलं, छत्रं तेवढी मोडू नका, असा त्याचा सूर आहे. ब्राह्मणापासून पराया जातीपर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, सगळ्यांना शिजवलेला भात मिळतो, असं ते सांगतात. ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो. आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीला आधार. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालतं आणि मग घंटा वाजवून पुकारा करतात: कोणी जेवायचं राहिलं असेल तर या. हे पत्र म्हणजे अर्ज आहे, तेव्हा त्यात चांगलंच लिहिलेलं असणार हे धरून चालावं. ‘कोरडा शिधा’ या दोन शब्दांतच सोवळं दिसतं. एका छताखाली म्हणजे एका पंगतीत नव्हे. तरीही त्या घंटेला तोड मला इंग्लंडच्या पाट्यांत सापडली नाही. पाटी सदस्यांसाठी होती.

छत्रं मागे पडली आणि त्यांची जागा हॉटेलांनी घेतली. मद्रासकडच्या रेल्वे स्टेशनांवरच्या भोजनगृहांत ब्राह्मण आणि इतर यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या असत. पेरियार यांच्या चळवळीनंतर 1941 मध्ये ते बंद झालं. रस्त्यावर पाट्या राहिल्याच. 1957 मध्ये ट्रिप्लिकेनच्या मुरलीज कॅफेच्या पाटीवरचा ‘ब्राह्मण’ हा शब्द पुसावा म्हणून द्रविडर कळघमच्या कार्यकर्त्यांनी रोज निदर्शनं केली, रोज अटक करून घेतली. महिनोन्महिने हे चाललं, शेवटी शब्द उतरला. लेडी हार्बर्टनचा खटला आणि हे आंदोलन यांत साठ वर्षांचं अंतर आहे, भांडण एकाच खोलीचं.

पबचा प्रश्न दारूबंदीने परस्पर निकालात काढला. राजाजींनी 1937 मध्ये सेलम जिल्ह्यात ती आणली, 1948 मध्ये ती सबंध प्रांताला लागू झाली आणि 1971 पर्यंत टिकली. अंबत्तूरला टीआय सायकल्सचा कारखाना आला तो याच काळात. कंपनी 1949 ची, मुरुगप्पा घराणं आणि बर्मिंगहॅमची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांची. हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स अशी इंग्रजी नावं तमिळ रस्त्यांवर धावू लागली, आणि त्यांवर बसून माणसं कामाला गेली, सहलीला नव्हे. हौशी फेरी म्हणजे ज्याच्याकडे रविवार आहे त्याची गोष्ट.

याला एक झळझळीत अपवाद आहे, तो पुदुक्कोट्टईचा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत, कलेक्टर शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, सायकल शिकणं हा धड्यांचाच भाग झाला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडी सेविका हजारोंनी शिकल्या आणि हँडलला झेंडे लावून रस्त्यावर उतरल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. त्यातला एक तपशील माझ्या फार आवडीचा: पुष्कळजणींनी पुरुषांची सायकल पसंत केली, कारण आडव्या दांड्यावर मूल बसवता येतं. कपड्यांचा वाद त्यांनी असा सोडवला.

आमच्याकडे हिवाळा म्हणजे मार्गळी, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. पाऊस संपलेला असतो, पहाटे पारा 21 अंशांवर येतो आणि लोक कानटोप्या काढतात. पुण्याच्या माणसाने हसू नये. याच दिवसांत चेन्नईतले सायकल गट बाहेर पडतात: कोणी किनाऱ्याच्या रस्त्याने मामल्लपुरमकडे, कोणी पक्षी बघायला वेडंतांगलकडे. गिंडीहून मी ज्यांच्याबरोबर जाते ते बरेचदा कत्तिपाराहून पुनमल्ली, श्रीपेरुंबुदूर करत बंगळूर रस्त्याने सुंगुवारछत्रम गाठतात. अंतर 45 किलोमीटरांच्या आसपास. गावाच्या नावातच छत्र आहे. तिथे पोंगल, वडा आणि डबरा-टंबलरमधली कॉफी, उभ्या उभ्या, उंच टेबलाभोवती. पब लंचचं भाषांतर मी शेवटी ‘वाटेवरचं जेवण’ असं केलं. त्यात बिअर मावत नाही.

हा पट्टा आता कारखान्यांचा आहे. आयफोनची जोडणी इथे होते आणि ती करतात मुख्यतः तरुण मुली, खेड्यांतून आलेल्या, कंत्राटदारांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या. डिसेंबर 2021 मध्ये, मार्गळी लागताना, एका वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली. 150 हून अधिक मुलींना इस्पितळात न्यावं लागलं. आजारी मैत्रिणींचं काय झालं हे कोणी नीट सांगेना, म्हणून बाकीच्या बाहेर आल्या आणि रात्रभर महामार्ग अडवून बसल्या. पोलीस आले, धरपकड झाली, कारखाना काही आठवडे बंद राहिला. जेवणाच्या आणि झोपण्याच्या जागा मानकांत बसत नाहीत, हे मोबाइल कंपनीला मान्य करावं लागलं. आम्ही पोंगल खायला जातो तो रस्ता हाच.